बंडोपंतांची पुढची वर्षं

शिरूरला माझा जनावरांचा दवाखाना आहे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, शर्यतीचे बैल आणि क्वचित कुणाचं तरी कुत्रं, एवढाच माझा व्याप. दवाखाना काढला तेव्हा बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरनं विचारलं, "सायेब, खाली बरीच जागा ऱ्हातीय. काय टाकू?" मी तेव्हा नवा होतो आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं. म्हणालो, "टाक. सर्व प्रकारच्या प्राण्यांवर खात्रीशीर उपचार."

ती ओळ पुढं कित्येक वर्षं कुणीच वाचली नाही. वाचली ती दौंडच्या बाईंनी.

बाई रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. नोकरी संपली होती, तपासणी संपली नव्हती. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्या त्याच्या हाताकडे बघत. उंच, काटक, कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि छातीवरून आडवा पट्टा गेलेली काळी पर्स. बोलणं तुटक. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला शब्द ठरलेला, "कशावरून?" दौंडच्या बाजारात भाजीवाल्यानं मेथी ताजी आहे म्हटलं तरी "कशावरून?" आणि तो बिचारा जुडी सोडून दाखवायचा. मी स्वतः पाहिलंय. बाईंपुढं माणूस आपोआप खिसे चाचपायला लागायचा. मीही चाचपायचो, आणि माझ्या खिशात थर्मामीटरशिवाय काही नसायचं.

त्या दिवशी एक रेडकू आणि दोन शेळ्या झाल्यावर त्यांचा नंबर आला. त्यांनी वायरची पिशवी टेबलावर ठेवली. पिशवीत उशीचा अभ्रा, अभ्र्याच्या तोंडाला गाठ.

"बोर्डावर 'सर्व' लिहिलंय," बाई म्हणाल्या. "साप त्यात येतो का?"

मी सापांना भितो. माझं लहानपण केंदूरला गेलं. रानात साप निघाला की बाकीची पोरं काठी शोधायची आणि मी आईला शोधायचो. पण बाहेरच्या बाकड्यावर चार माणसं कान देऊन बसली होती. मी म्हणालो, "येतो की."

बाईंनी गाठ सोडली. आत काळ्या-तपकिरी नक्षीचा, मनगटाएवढा जाड अजगर वेटोळं करून बसला होता. आफ्रिकेतली जात. तिकडचे लोक याला बॉल पायथन म्हणतात, कारण घाबरला की हा चेंडूसारखा गोळा होतो. मलाही तेच करावंसं वाटत होतं.

"भाच्याचा आहे. तो कॅनडाला गेला, हा माझ्याकडे राहिला. नाव बंडोपंत." मग पर्समधून त्यांनी लॅमिनेट केलेला कागद काढला. "परदेशी जात आहे. सरकारी नोंदणी आहे. बघून घ्या."

मी अगदी बारकाईनं बघून घेतला. कागद उलटा धरलाय हे बाईंनीच सांगितलं.

बंडोपंतांनी बरेच दिवस खाणं सोडलं होतं आणि पोटाचा मागचा भाग फुगला होता. मी लांबूनच, बोटाच्या टोकानं दोनदा दाबल्यासारखं केलं आणि निदान सांगितलं, "बद्धकोष्ठ."

"कशावरून?"

यावर मी एक्स-रे काढायला सांगितला. समोरच माणसांच्या एक्स-रेचं सेंटर आहे. तिथल्या गृहस्थानं मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?" बाई म्हणाल्या, "बंडोपंत." "वय?" "सहा." "कुठं दुखतंय?" मग त्यानं मान वर केली. एक्स-रे शेवटी बाईंनी आणि मीच काढला. त्यानं बाहेरून, दाराच्या फटीतून, कुठलं बटण दाबायचं ते सांगितलं.

एक्स-रेत ओळीनं अंडी होती.

"म्हणजे बंडोपंत बाई आहे," बाई सावकाश म्हणाल्या.

"हो."

"नर कुठून आला?"

"नर लागत नाही कधीकधी. नुसतीच अंडी धरतात, पोकळ. नेहमी ती बाहेर पडतात. हिची अडकलीत."

बाईंनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मग म्हणाल्या, "मी लग्न केलं नाही ते ह्याच भानगडी नकोत म्हणून. आणि हिला बघा. काहीही न करता."

नाव मात्र त्यांनी बदललं नाही. कागदावर बंडोपंत होतं. त्यामुळं त्या दिवसापासून आम्ही दोघंही "बंडोपंत आली", "बंडोपंत जेवली" असं बोलायला लागलो, आणि दवाखान्यातली माणसं आमच्याकडं जरा काळजीनं बघायला लागली.

मी बाईंना विचारलं, यापेक्षा पुण्याला का नेली नाही? तिथं असल्या प्राण्यांचे डॉक्टर आहेत. दौंडहून गाडीनं किती सोपं.

"रेल्वेच्या डब्यात साप नेता येत नाही. जन्मभर लोकांना नियम लावले, आता मी मोडू?"

"मग एसटीनं कशा आलात?"

"एसटीचे नियम मी वाचलेले नाहीत," बाई म्हणाल्या. "आणि वाचणारही नाही."

पुण्याला असल्या प्राण्यांवर उपचार करणारा माझा एक वर्गमित्र आहे. तो नेमका परराज्यात गेला होता. त्यानं फोनवर इंजेक्शनं सांगितली. ती देऊन काही उपयोग झाला नाही. बंडोपंत मलूल पडली. तेव्हा तो म्हणाला, "आता थांबू नकोस. पोट उघड, अंडी काढ. आणि परत हा ताप नको म्हणून बीजकोश आणि अंडनळ्याही काढून टाक. मी व्हिडिओ कॉलवर आहे."

"मी?"

"म्हशीचं सिझर करतोस ना?"

"म्हैस कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते मला कळतं."

बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "याआधी सापाचं ऑपरेशन केलंय?"

"नाही."

"पाहिलंय?"

"नाही."

"बरं झालं, खरं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "करा."

माझ्या दवाखान्यात मदतीला आबा असतात. वयानं माझ्या वडलांएवढे. उमेदीची वर्षं मेंढरांमागं हिंडण्यात गेली, आता पाय दुखतात म्हणून माझ्याकडे. आबांनी अभ्र्याकडे एकदा पाहिलं आणि हात मागं घेतले. "डाक्टर, बाकी काय बी सांगा. नागोबाला म्या हात न्हाई लावायचो."

"आबा, नाग नाही हा. अजगर आहे."

"मंग तर मुळीच न्हाई."

शेवटी तडजोड झाली. भूल दिली की साप श्वास घेत नाही, तो आपण द्यावा लागतो. नळीच्या टोकाला रबरी फुगा असतो, तो ठरावीक अंतरानं दाबायचा. आबांनी तोंड भिंतीकडे करून फुगा दाबायचा असं ठरलं. फोन सलाईनच्या बाटलीला टेकून उभा केला. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बंडोपंतच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. पोटाच्या रुंद पट्ट्यांच्या जरा वर, बाजूच्या खवल्यांच्या दोन ओळींमधून सरळ चिरायचं होतं. मित्र फोनमधून सारखा ओरडत होता, "खवला कापू नकोस, दोन ओळींच्या मधून जा, मधून!" त्याला वाटत होतं मी मुद्दाम खवला कापतोय. मी आबांना फोनचा आवाज कमी करायला सांगितला, पण आबा भिंतीकडून वळायला तयार नव्हते.

अंडी चिकटून बसली होती. ती एकेक सोडवली. मग एका बाजूचा बीजकोश सापडला. दुसरा सापडेना. मित्र म्हणाला, "उजवा पुढं असतो. डोक्याकडं सरक." मी सरकलो. आबा भिंतीला म्हणाले, "आवो, अजून किती लांब हाय त्ये?" अखेर तोही निघाला. टाके घालून झाल्यावर मी मोठ्या ऐटीत हातमोजे काढले आणि बाईंना आत बोलावलं.

बंडोपंत उठेना.

दुपार कलली तरी उठेना. मी स्टेथोस्कोप लावला. सापाच्या अंगावर स्टेथोस्कोपमधून खवल्यांची खरखर ऐकू येते आणि बाकी काही नाही. आबांचे हात दुखायला लागले म्हणून बाईंनी फुगा स्वतःकडे घेतला. मी चेहरा गंभीर केला. गाय गेली की मालकाला सांगताना मी जो चेहरा करतो, तोच.

"बाई, आपण मनाची तयारी..."

"गाडी लेट आहे," बाई फुगा दाबत म्हणाल्या. "रद्द नाही."

त्या तशाच उभ्या राहिल्या. एका लयीत दाबत. सूर्य समोरच्या एक्स-रे सेंटरच्या मागं गेला तेव्हा बंडोपंतच्या तोंडातून जिभेचं काळं टोक बाहेर आलं, हवेत हललं आणि आत गेलं. आबांनी हात जोडले. बाईंनी फक्त साडीचा पदर नीट केला. मी मात्र खुर्ची ओढून बसलो.

निघताना बाईंनी विचारलं, "आता?"

तेव्हा मी नको ते बोलून गेलो. आनंदाच्या भरात माणूस काहीही बोलतो. म्हणालो, "आता आयुष्यभर काळजी नाही."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

आणि इथून पुढची वर्षं सुरू झाली.

सापाच्या अशा ऑपरेशननंतर पुढं काय होतं, हे मला माहीत नव्हतं. मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, "बहुतेक चांगल्याच राहतात. जास्त कुणी मागं लागून बघितलेलं नाही." बाई मागं लागून बघत होत्या. बंडोपंतनं कात टाकली की ती कात वर्तमानपत्रात गुंडाळून त्या शिरूरला घेऊन यायच्या. पहिली कात टाक्यांच्या जागी फाटलेली होती. तेवढा तुकडा अंगालाच चिकटून राहिला होता. "असं का?" मी सांगितलं, जखमेच्या व्रणावर चिकटते, कोमट ओल्या फडक्यानं भिजवा. पुढची कात जरा बरी, त्यापुढची आणखी बरी. मग एकदा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड कात निघाली. ती बाईंनी माझ्या टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत उलगडली आणि टाक्यांची जागा बोटानं दाखवली. शेळीवाल्या दोघी पोरींनी त्या कातीबरोबर फोटो काढला. परीक्षेत पास झाल्यावर कसं वाटतं ते मी विसरलो होतो. त्या दिवशी आठवलं.

या फेऱ्यांमधल्या एकीत, बंडोपंतही बरोबर असताना, बसमध्ये घोटाळा झाला. न्हावऱ्याच्या अलीकडे अभ्र्याची गाठ सुटली आणि बंडोपंतनं वायरच्या पिशवीतून डोकं वर काढलं. बस थांबली. निम्मी माणसं खाली. ही हकिकत मला खुद्द कंडक्टरनंच सांगितली, नंतर तो त्याची शेळी घेऊन आला तेव्हा. तो म्हणाला, "बाई जागच्या हाल्ल्या न्हाईत. कागूद काढला आन् म्हन्ल्या, सरकारी नोंदणी हाय. म्या म्हन्लं, आसंल, पर तिकीट कुठंय हिचं?"

"मग?"

"बाईंचं डोळंच चमाकलं. म्हन्ल्या, इतक्या वर्सात मला पयला मानूस भेटला ज्यानं इच्यारलं. अर्धं तिकीट घेतलं त्यांनी. वर माझं नाव, बिल्ला नंबर इच्यारला. म्या म्हन्लं, झालं, तक्रार जाती आता. तर डेपोत माझ्या कौतुकाचं पत्र!"

पुढं बंडोपंत लठ्ठ झाली. एरवी अंडी धरायच्या दिवसांत या जातीच्या माद्या खाणं सोडतात. हिला आता तो हंगामच नव्हता, आणि बाईंच्या फ्रीजरमध्ये उंदरांची कमतरता नव्हती. गोठवलेले उंदीर भाचा कॅनडात बसून इथल्या दुकानातून ऑनलाईन मागवून द्यायचा. वर उंदीर, खाली श्रीखंड, असा तो फ्रीज होता. दौंडला गेलो की मी श्रीखंड नको म्हणायचो आणि बाई "कशावरून?" म्हणायच्या. एकदा बंडोपंतच्या पोटाची मागची बाजू मला परत फुगलेली दिसली. माझी घाबरगुंडी उडाली. बीजकोशाचा तुकडा आत राहिला असणार, तोच वाढला असणार! मी मित्राला फोन केला, तो तेव्हा पुण्यातच होता. बाईंनी पहिल्यांदाच गाडी भाड्यानं केली. सोनोग्राफी झाली. मी बाहेर उभा राहून आयुष्यातल्या सगळ्या चुका आठवत होतो. मित्र बाहेर आला, म्हणाला, "चरबी आहे रे नुसती."

बाईंनी त्या दिवसापासून बंडोपंतचा उंदीर कमी केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीही जरा कमी करा."

पण बाईंच्या प्रश्नांपैकी काही मला मुळीच समजायचे नाहीत. मी त्यांना वेडसर ठरवून टाकलं होतं, प्रेमानं, पण वेडसरच. त्या विचारायच्या, "ऑपरेशननंतर चिडचिड वाढते का हो?" मी म्हणायचो, साप तसाही गप्पच असतो. "झोप उडते का?" मी हसून सांगायचो, "बाई, सापाला पापण्या नसतात. झोपलाय की जागा आहे हे कुणाला कळणार?" एकदा विचारलं, "हाडं ठिसूळ होतात का?" मी सापाच्या हाडांवर दीर्घ भाषण दिलं, त्यातलं निम्मं मला तिथल्या तिथं सुचलेलं होतं. आणि एकदा तर, आवाज जरा खाली आणून, "अंगातून वाफा येतात का?"

आबा बाहेर गेले होते. मी मोठ्यानं हसलो. "अहो, सापाचं रक्त थंड! त्याला कसल्या वाफा?" आणि मग थंड रक्ताचे आणि गरम रक्ताचे प्राणी यावर फळ्यावर लिहावं तसं शिकवत बसलो. बाई शांतपणे ऐकून घेत होत्या. घरी जाऊन बायकोला हा किस्सा सांगितला. ती हसली नाही. भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "त्या सापाबद्दल विचारत होत्या?"

"मग कुणाबद्दल?"

"काही नाही," ती म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली. माझ्या हुशारीवर तिचा पहिल्यापासूनच विश्वास नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई आल्या त्या रिकाम्या हातानं. वायरची पिशवी नाही, अभ्रा नाही, कात नाही.

"बंडोपंत कुठंय?"

"घरी आहे. तिचं बरं चाललंय," बाई म्हणाल्या. "आज मी आलेय."

दवाखान्यात दुपारचं कुणी नव्हतं. आबा पडवीत पहुडले होते. बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि तिच्या पट्ट्याशी बोटांनी चाळा करत राहिल्या. त्यांच्या हाताला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्या पोटात गाठ आहे. बीजकोशावर. बरीच वर्षं आहे. डॉक्टर म्हणायचे, लक्ष ठेवू. आता वाढलीय. पिशवीसकट सगळंच काढून टाका म्हणतात."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला.

"माझ्या थोरल्या बहिणीची पिशवी अशीच काढली होती. तरुण होती. भाचा लहान होता. ऑपरेशन चांगलं झालं, सगळे म्हणाले. घरी आली आणि मग ती माणसातून उठली. झोप नाही, सारखी रडायची, अंगातून वाफा, हाडं दुखायची. लोक म्हणायचे, नाटकं करते. पुढं चारेक वर्षांत गेली. भाच्याला मी वाढवला." त्यांनी पर्सचा पट्टा सोडला. "डॉक्टर, ऑपरेशन सगळेच नीट करतात. पुढच्या वर्षांचं कुणी सांगत नाही. तुम्ही बंडोपंतचं सगळं काढलंत. मी ती सगळी वर्षं बघितलीत. ती खाते, कात टाकते, चांगली आहे. तर मी करू का?"

चिडचिड, झोप, हाडं, वाफा. एवढ्या वर्षांचे ते सगळे प्रश्न माझ्या टेबलावर एकदम येऊन पडले, आणि प्रत्येकाच्या वेळी मी दिलेलं भाषणही आठवलं. पापण्या नसतात! फळ्यावर शिकवणारा मी, आणि समोर एक बाई स्वतःच्या जिवाबद्दल विचारत होती.

"मला माहीत नाही, बाई," मी म्हणालो. "सापावरून माणसाचं सांगता येत नाही. पण हेच सगळे प्रश्न तुमच्या डॉक्टरांना विचारायला पाहिजेत. विचारलेत?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "तिथं गेलं की तोंडाला कोरड पडते."

जी बाई भरल्या डब्यात चार गुंडांना खाली उतरवायची, तिच्या तोंडाला कोरड! मी म्हणालो, "मी येतो बरोबर."

दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं म्हणून आम्ही पुण्याला एका लेडी डॉक्टरांकडे गेलो. बाईंचा रेल्वेवर हक्क होता, तेव्हा गाडीनंच. माझं तिकीट त्यांनी तीनदा मागून पाहिलं. दवाखान्यात मात्र त्या खुर्चीच्या कडेला बसल्या आणि पर्स घट्ट धरून जमिनीकडे बघत राहिल्या. लेडी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि मला विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"मी त्यांच्या सापाचा डॉक्टर."

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, अंड्यांपासून. मग एकेक प्रश्न विचारत गेलो. झोप उडते का? चिडचिड होते का? हाडांचं काय? अंगातून वाफा येतात का? मिशीवाला माणूस हे विचारताना बघून दारातल्या नर्सनं तोंडावर हात ठेवला. माझे कान गरम झाले होते, पण मी थांबलो नाही.

त्या बाई चांगल्या होत्या. प्रत्येकाचं उत्तर सावकाश दिलं, आणि माझ्याकडे नाही, आमच्या बाईंकडे बघून दिलं. "तुमच्या बहिणीचे कागद माझ्यापुढं नाहीत, त्यामुळं मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण तरुण वयात बीजकोश काढले की शरीराला एकदम धक्का बसतो. औषधं लागतात, कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. त्यांच्याकडे बहुतेक कुणी पुढं बघितलं नसेल. तुमची पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत. तुमच्या शरीरानं तो बदल कधीच पचवलाय. त्रास अगदीच होणार नाही असं नाही. पण ही गाठ वाढतेय. ती आत ठेवणं मला बरं वाटत नाही."

बाईंनी मान वर केली. त्या खोलीतला त्यांचा पहिला शब्द. "पुढं?"

"पुढं मी बघेन. तुम्ही यायचं, नियमित. मी बोलावीन तेव्हा."

"कुणी बघितलंच नाही तिच्याकडे," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायला पर्समधून त्यांनी जो रुमाल काढला तोही इस्त्रीचा होता. मग म्हणाल्या, "येईन. तारीख द्या."

ऑपरेशनच्या दिवसांत बंडोपंत आमच्या घरी राहिली. बाईंनी तिची काचेची पेटी, दिवा, पाण्याचं भांडं सगळं बरोबर पाठवलं. बायकोनं पेटीला हॉलमध्ये जागा करून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी गप्पा मारायला लागली. मी झाकणाची कडी बघायला दर थोड्या वेळानं उठायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ती तुम्हाला घाबरलीय. सारखे येऊन उभे राहता." पाणी बदलायच्या निमित्तानं एकदा हात आत घालावाच लागला. कोरडी, गुळगुळीत आणि जड होती ती. माझ्या मनगटाभोवती एक वळसा घेऊन स्वस्थ बसली. त्यानंतर मी रोज पाणी बदलायला लागलो, गरज असो नसो.

ऑपरेशन झालं तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर होतो. आजवर शेकडो लोकांना मी सांगितलंय, काळजी करू नका, निवांत बसा. किती मूर्खपणाचं वाक्य आहे ते. कॅनडाहून भाचा दर दहा मिनिटांनी विचारत होता आणि मी त्याला तेच सांगत होतो. गाठ तपासायला गेली. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला, साधीच होती. तो फोनवर ऐकून मी दवाखान्यात आलेल्या म्हशीच्या मालकाला मिठी मारली. त्याला वाटलं म्हैस गाभण आहे.

बाई घरी आल्यावर मी बंडोपंतला दौंडला पोचवायला गेलो. त्यांनी दार उघडलं, एक हात भिंतीला धरून. चेहरा उतरलेला, पण साडी कडक. दार लावून त्या सावकाश पलंगावर जाऊन पडल्या.

"वजन उचलायचं नाही म्हणालेत," त्या म्हणाल्या. "तुम्हीच ठेवा तिला इथं."

मी बंडोपंतला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या शेजारी चादरीवर ठेवलं. ती थोडा वेळ तशीच राहिली, जीभ बाहेर काढून हवेचा अंदाज घेत. मग सरकत सरकत बाईंच्या पोटऱ्यांपाशी गेली आणि तिथं वेटोळं करून बसली.

"खाल्लं का तिनं तुमच्याकडे?"

"नाही. एकदाही नाही."

"मीही नाही खाल्लं. तिथला भात नुसता गिळगिळीत." बाईंनी डोळे मिटले. "चहा टाका. दोघांचा. साखर वरच्या डब्यात आहे."

मी आत गेलो. डबा सापडला, पातेलं सापडलं, आलं ठेचायला काही सापडेना म्हणून वरवंट्याऐवजी ग्लासानं ठेचलं. चहा गाळून दोन कप घेऊन बाहेर आलो. बाई झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, एक हात बंडोपंतच्या पाठीवर. बंडोपंत झोपली होती की जागी होती ते सांगता येत नाही.

मी खुर्ची आवाज न करता ओढली आणि तिथं बसून दोन्ही कप प्यायलो.